औद्योगिक भू-बँकेचे परीक्षण: नकाशावरचे हेक्टर आणि ताब्यातली जमीन

कारखान्यासाठी जागा हवी असणाऱ्याला सरकार आज ‘भारत औद्योगिक भू-बँक’ नावाची सेवा देऊ करते. केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने २७ ऑगस्ट २०२० रोजी तिचे नकाशाधारित रूप प्रारंभी सहा राज्यांसाठी खुले केले. त्या वेळी देशभरातील ३,३०० हून अधिक औद्योगिक क्षेत्रांची आणि सुमारे ४ लाख ७५ हजार हेक्टर जमिनीची नोंद झाल्याचे जाहीर करण्यात आले होते. करोनाच्या पहिल्या लाटेत चीनबाहेर पर्याय शोधणाऱ्या कंपन्यांना भारताकडे वळवायचे, तर जमीन हा त्यांचा पहिला प्रश्न असणार आणि त्याचे उत्तर पडद्यावर तयार असले पाहिजे, असा हिशेब त्यामागे होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, लक्झेंबर्ग देशाच्या जवळपास दुप्पट क्षेत्र भारत उद्योगांसाठी तयार ठेवत असल्याच्या बातम्याही झळकल्या होत्या.

परंतु परीक्षण केवळ पोर्टलचे करून भागत नाही. पोर्टल जमीन दाखवते. जमीन संपादित करणे, तिची आखणी करणे, रस्ते-पाणी-वीज पोहोचवणे आणि भूखंड वाटणे ही कामे राज्यांची औद्योगिक महामंडळे करतात. म्हणून येथे सेवा म्हणताना पोर्टल आणि त्यामागची जमीन साठवण्याची सरकारी पद्धत या दोन्हींचा विचार केला आहे. तो जमिनीच्या कागदांशी रोज संबंध येणाऱ्या माणसाच्या नजरेतून केलेला असल्यामुळे गुंतवणुकीच्या घोषणांपेक्षा ताबा पावतीला त्यात अधिक वजन आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम पोर्टलचे श्रेय पोर्टलला द्यायला हवे. राज्य, जिल्हा, औद्योगिक क्षेत्र असे नकाशावर खाली उतरत गेले, की त्या क्षेत्रात कोणते उद्योग चालतात, रेल्वे स्थानक, विमानतळ, बंदर आणि महामार्ग किती अंतरावर आहेत, पाणी-विजेची सोय काय आहे आणि कोणत्या अधिकाऱ्याशी संपर्क साधायचा, हे एका ठिकाणी दिसते. ज्या राज्यांची नकाशा प्रणाली जोडली गेली आहे, तेथे रिकामे भूखंडही वेगळे दिसतात. पूर्वी एवढीच माहिती मिळवण्यासाठी प्रादेशिक कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागत आणि बहुतेक वेळा ती मधल्या दलालाकडूनच, त्याला सोयीची असेल तेवढी, मिळत असे. बाहेरच्या राज्यात जागा शोधणाऱ्या मध्यम उद्योजकासाठी हा फरक मोठा आहे. औद्योगिक उद्यानांचे मानांकनही या सेवेच्या जोडीला आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ४१ उद्याने अव्वल गटात होती, आणि तेथील कारखानदारांचे अभिप्रायही विचारात घेतले गेले होते. सरकारी कामात ग्राहकाला विचारण्याची ही पद्धत दुर्मीळच म्हणायची.

अडचण अशी, की माहिती भरणारे आणि भूखंड विकणारे एकच आहेत. राज्याने पाठवलेली माहिती पोर्टल मांडते. ती किती ताजी आहे आणि ‘रिकामा’ म्हणून दाखवलेला भूखंड खरोखर मोकळा आहे का, हे प्रत्येक राज्याच्या, किंबहुना प्रत्येक प्रादेशिक कार्यालयाच्या शिस्तीवर अवलंबून राहते. त्यामुळे पडद्यावर पसंत पडलेल्या जागेवर स्वतः जाऊन उभे राहण्याला आजही पर्याय नाही.

एका औद्योगिक क्षेत्रातील (नाव येथे महत्त्वाचे नाही) साडेतीन एकरांच्या भूखंडाचे उदाहरण घेता येईल. नकाशावर तो काटकोनी, रस्त्याला लागून, कोणत्याही खुणेविना दिसत होता. जागेवर त्याच्या एका कोपऱ्यातून नाला तिरपा जात होता आणि पावसाळ्यानंतरही त्यात पाणी होते. मागच्या बाजूने उच्चदाब वीजवाहिनी गेली होती, आणि तिच्याखालच्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळत नाही. पूर्वेकडचा हद्दीचा दगड सापडला नाही. काळ्या मातीचा थर इतका खोल होता, की मुरूम लागेपर्यंत पायाचा खर्च किती वाढेल याचा अंदाज स्थापत्य अभियंत्याने तेथेच तोंडावर सांगितला. उरलेल्या भागात तुरीचे पीक उभे होते. ते लावणाऱ्याचे म्हणणे असे, की मोजणी झाली, मोबदला ठरवणारा निवाडाही झाला, पण भावकीचा वाद असल्यामुळे मोबदल्याची रक्कम न्यायालयात जमा आहे, आणि हातात पैसा पडेपर्यंत तो वहिवाट सोडणार नाही. वापरता येण्याजोगी जागा दोन-तृतीयांशही भरली नसती, तरी दर मात्र पूर्ण क्षेत्राचा होता. यातील एकही गोष्ट नकाशावर नव्हती, आणि तरीही नकाशात खोटे असे काहीच नव्हते.

येथेच या सेवेचा खरा गुण कोणता, हे स्पष्ट करायला हवे. रस्ता, वीज, पाणी या सोयी पैसे खर्चून खासगी विकासकही उभ्या करतो. सरकारी भूखंडाचे खरे मोल निर्वेध मालकी हक्कात आहे. ज्याने खासगी जमीन शंभर-दोनशे खातेदारांकडून विकत घेण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात कुठे कुळाचे नाव, कुठे सोसायटीचा बोजा, कुठे बहिणीचा हक्क. वारसनोंद दोन पिढ्या झालेली नाही. एक हिस्सेदार मुंबईला, दुसरा सहीच करायला तयार नाही. मध्येच चार गुंठे वर्ग २ चे, ज्यांच्या विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ या सगळ्या गुंत्यावर एकच घाव घालतो. क्षेत्र अधिसूचित होते, कलम ३२ च्या पोटकलम (२) खाली खातेदारांना नोटिसा जातात, हरकती ऐकल्या जातात आणि पोटकलम (१) ची अधिसूचना निघाली, की जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन राज्य शासनाकडे निहित होते, म्हणजे तिची मालकी शासनाकडे जाते. तीच जमीन पुढे महामंडळाकडून उद्योजकाला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. बँका त्या भाडेपट्ट्यावर कर्ज देतात, कारण मागे शंभर वर्षांचे फेरफार तपासण्याची गरज उरत नाही. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून आणि अंबरनाथपासून पुढे जो विस्तार केला, त्याचे रहस्य बऱ्याच अंशी या कलमात आहे. पाण्यासाठी या महामंडळाने बारवी नदीवर स्वतःचे धरणही बांधले. त्या पिढीला जमिनीबरोबर पाणी द्यावे लागते याचे भान होते, असे आजच्या काही माळरानांवरच्या कोरड्या क्षेत्रांकडे पाहून वाटते.

मात्र कागदावर जमीन निहित होणे आणि प्रत्यक्ष ताबा मिळणे यांत वर्षे जातात. वर वर्णन केलेला तुरीचा तुकडा याच मधल्या काळातला होता. ती वर्षे कोणी सोसायची, हा जमीन साठवण्याच्या धोरणातला मूळ प्रश्न आहे. सरकारने ती आधीच सोसून ठेवावीत, म्हणजे गुंतवणूकदार दारात येईल तेव्हा ताब्यातली जमीन दाखवता येईल, हे भू-बँकेचे तर्कशास्त्र.

आणि त्यात तथ्य आहे. सिंगूरचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवला, तर सगळ्याच राज्यांना जमिनीचा साठा का हवासा वाटू लागला हे कळते. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे २००६ मध्ये नॅनो मोटारीच्या कारखान्यासाठी ९९७ एकर शेतजमीन १८९४ च्या जुन्या कायद्याने घेण्यात आली. मोबदला नाकारणाऱ्या शेतकऱ्यांचे आंदोलन चिघळले आणि कारखाना जवळजवळ उभा झालेला असताना ऑक्टोबर २००८ मध्ये टाटा मोटर्सने तो गुजरातला हलवण्याचा निर्णय घेतला. साणंदला त्यांना मिळालेली सुमारे ११०० एकर जमीन आणंद कृषी विद्यापीठाकडची, म्हणजे आधीपासूनच सरकारी होती. तिच्यावर ना खातेदार, ना हिस्सेदार. जून २०१० मध्ये तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. तिकडे सिंगूरच्या जमिनीचा निकाल लागायला ३१ ऑगस्ट २०१६ उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने संपादन रद्द करून ती शेतकऱ्यांना परत करण्याचा आदेश दिला, तोवर तिच्या बऱ्याच भागात भराव आणि काँक्रीट होते. साणंदला पुढे फोर्डही आली, आणि फोर्डने भारतातून काढता पाय घेतल्यावर तो कारखाना टाटांनीच घेतला. हाताशी असलेली निर्वेध जमीन एका प्रकल्पापुरती उपयोगी पडत नाही, तिच्याभोवती पुरवठादारांचे जाळे तयार होते आणि पुढचा कारखानदार आपोआप तिकडे वळतो, हा साणंदचा आणि आपल्याकडील चाकणचाही अनुभव आहे.

परंतु साठ्यात काय भरले आहे, हे पाहिल्याशिवाय त्याच्या आकड्याला अर्थ नसतो. झारखंडने जानेवारी २०१६ मध्ये आपल्या भू-बँकेची घोषणा केली तेव्हा तीत २० लाख एकरांहून अधिक जमीन दाखवली गेली. ती आली कुठून, तर महसूल दप्तरात जी जमीन ‘गैरमजरुआ’, म्हणजे कोणाच्याही खासगी नावावर नसलेली, म्हणून नोंदलेली होती, ती मोठ्या प्रमाणावर यादीत घेण्यात आली. त्या नोंदीत गावाची कुरणे होती, पाणवठ्याच्या वाटा होत्या, आदिवासींच्या देवराया होत्या आणि लोक पिढ्यान् पिढ्या कसत असलेली शेतेही होती. ग्रामसभांनी आक्षेप घेतले. पडीक म्हणून नोंद आहे आणि म्हणून कोणी वापरत नाही, हा निष्कर्ष तहसील कार्यालयात बसूनच काढता येतो. महाराष्ट्रातील गायरानांबाबतही असाच मोह होतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मधील जगपाल सिंग प्रकरणाच्या निकालात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाला परत देण्याचे निर्देश राज्यांना दिले होते, आणि राज्य शासनाने त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णयही काढला. पण गायरान स्वस्त पडते, मोबदला द्यावा लागत नाही, म्हणून औद्योगिक क्षेत्राच्या आखणीत ते प्रथम हिशेबात धरले जाते. उद्योजकाच्या बाजूने पाहिले तरी अशी जमीन जोखमीचीच. कागद स्वच्छ असतो, पण पहिल्या दिवशी कुंपणासाठी खड्डे खणायला गेलेली माणसे गावाने परत पाठवलेली असतात.

साठवलेली जमीन पडून राहणे हा दुसरा दोष, आणि तो अधिक मोठा आहे. विशेष आर्थिक क्षेत्रांविषयीच्या २०१४ च्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नोंदवले, की अधिसूचित ४५,६३५ हेक्टरांपैकी केवळ २८,४८८ हेक्टरांवर, म्हणजे सुमारे ६२ टक्के क्षेत्रावर कामकाज सुरू झाले होते. उरलेले क्षेत्र ना शेतीत ना उद्योगात. रायगड जिल्ह्यात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबाबत तर सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारी यंत्रणेमार्फत जनमत घेण्याची वेळ आली, आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. त्या गावांनी सिंचनाखाली येऊ घातलेली भातशेती राखली, हे त्यांचे भाग्यच.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने या दोषावर उपाय केल्याचे मानले जाते. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्क्यांची पूर्वसंमती त्याने बंधनकारक केली. ताबा घेतल्यापासून पाच वर्षे न वापरलेल्या जमिनीचे काय करायचे, हेही कलम १०१ मध्ये लिहिले. मात्र त्या कलमात दोन वाटा आहेत: जमीन मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत करायची, अथवा ती सरकारच्या भू-बँकेत जमा करायची. निवड सरकारची. कोणते सरकार कोणती वाट धरेल, हे ओडिशाने दाखवून दिले. २००५ मध्ये दक्षिण कोरियाच्या पोस्को कंपनीने जगतसिंगपूर जिल्ह्यात ५२,००० कोटी रुपयांच्या पोलाद प्रकल्पाचा करार केला. ढिंकिया, नुआगाव, गडकुजंग या भागातील लोकांचे पानमळे त्यात जाणार होते. दफ्तरी बहुतेक जमीन वनखात्याची होती, तरी मळे मात्र गावांचे होते. बारा वर्षांच्या संघर्षानंतर २०१७ मध्ये कंपनी निघून गेली. तोवर सुमारे २,७०० एकर जमीन मोकळी करून घेण्यात आली होती. ती मळेवाल्यांकडे गेली नाही, भू-बँकेत गेली, आणि तेथून पुढच्या पोलाद प्रकल्पाच्या वाट्याला आली. खातेदाराच्या दृष्टीने ही ठेव ठेवायला लावणारी पण पासबुक न देणारी बँक आहे: जमीन कोणत्या कामासाठी घेतली, ते काम झाले का, नसेल तर ती आता कोणाच्या नावे चालली आहे, यांपैकी एकही नोंद त्याच्यापर्यंत येत नाही.

या सेवेची सर्वांत चांगली शाखा कोणती, असे विचारले तर महाराष्ट्रापुरते तरी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीनचे नाव घ्यावे लागेल. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील हे सुमारे दहा हजार एकरांचे नगर ‘ऑरिक’ या नावाने ओळखले जाते. राज्याचे महामंडळ आणि केंद्राचा औद्योगिक मार्गिका न्यास यांच्या संयुक्त कंपनीने ते उभारले. रस्ते आधी, भूखंड नंतर, हा क्रम येथे पाळला गेला, जलवाहिन्या आणि वीजवाहिन्या जमिनीखालून नेल्या गेल्या, पाणी जायकवाडीचे. भूखंडाच्या सीमेपर्यंत सोयी आणून देणे म्हणजे काय, हे शेंद्र्याला पाहायला मिळते, आणि जुन्या औद्योगिक क्षेत्रांत पावसाळ्यात खड्डे चुकवत ट्रक नेणाऱ्या कोणालाही हेवा वाटावा असे ते आहे. २०२४ मध्ये या परिसरासाठी टोयोटा-किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला, एथर एनर्जीने बिडकीनची निवड केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बिडकीन क्षेत्राचे लोकार्पण झाले.

तथापि बिडकीनची जमीन ज्यांनी दिली त्यांना एकरी २३ लाख रुपये दराने मोबदला मिळाला, तो २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात. मोठे उद्योग दिसू लागले ते साधारण दहा वर्षांनी. या दहा वर्षांत सरकारने पायाभूत सोयींवर केलेला खर्च गुंतून पडला, आणि ज्या शेतकऱ्याने मोबदल्यातून दुसरीकडे जमीन घेतली नाही त्याच्या मुलाला ना नांगर उरला ना नोकरी मिळाली. गुजरातमधील धोलेराची कथाही वेगळी नाही. २००९ च्या कायद्याने ९२० चौरस किलोमीटरचे गुंतवणूक क्षेत्र जाहीर झाले, आणि टाटा इलेक्ट्रॉनिक्सच्या ९१,००० कोटी रुपयांच्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली ती १३ मार्च २०२४ रोजी. धोलेरात एक फरक मात्र नोंदवण्याजोगा आहे: तेथे नगररचना योजनेच्या पद्धतीने जमीन एकत्र करून सुमारे निम्मी जमीन मालकाला परत देण्याचे सूत्र ठेवले गेले, त्यामुळे प्रतीक्षेच्या काळात वाढलेल्या किमतीत त्याचाही वाटा राहिला. थांबावे लागते ते आपल्याकडेच असेही नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्याने मेम्फिसजवळ सुमारे ४,१०० एकरांचे क्षेत्र २००९ पासून विकसित करायला घेतले आणि फोर्ड कंपनी तेथे येत असल्याची घोषणा २०२१ मध्ये झाली. मोठी जमीन साठवणाऱ्याला दशकभर व्याज भरण्याची तयारी ठेवावी लागते. आपल्याकडे ते व्याज सरकारच्या हिशेबवहीत दिसत नाही, एवढेच.

शिवाय केवळ जमीन असल्याने गुंतवणूक येते, हा समजही तपासून पाहायला हवा. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, त्या वेळी महाराष्ट्रात जमिनीचा तुटवडा होता असे कोणी म्हटले नाही. चर्चा होती ती भांडवली अनुदानाची. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली आणि प्रकल्प तिकडेही झाला नाही. मोठा गुंतवणूकदार वीजदर, अनुदान, बंदराचे अंतर, कुशल मनुष्यबळ आणि शेवटी जमीन अशा क्रमाने विचार करतो. जमीन नसेल तर तो येत नाही हे खरे; ती आहे म्हणून येतो, हे त्यातून निघत नाही. नव्या औद्योगिक क्षेत्रांच्या अधिसूचना काढताना हा भेद विसरला जातो, असे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कलम ३२ च्या नोटिसा पाहून वाटते.

आता दरांविषयी, आणि या सेवेचा ग्राहक कोण याविषयी. ‘विशाल’ आणि ‘अतिविशाल’ प्रकल्पांसाठी ही सेवा उत्तम चालते: अधिकारी जागा दाखवायला स्वतः येतात, प्राधान्याने वाटप होते, सामूहिक प्रोत्साहन योजनेखालील सवलती प्रकल्पानुसार ठरवून मिळतात. अशा उद्योगाला सल्ला देण्याची वेळ आली तर ‘सरकारी क्षेत्रातच जा, खासगी जमिनीच्या नादी लागू नका’ असाच देईन. छोट्या उद्योजकाचा अनुभव निराळा असतो. मागणी असलेल्या क्षेत्रात भूखंड लिलावाने जातात आणि बोली त्याच्या आवाक्याबाहेर पोहोचते. मागणी नसलेल्या क्षेत्रात भूखंड सहज मिळतो, पण वीज उपकेंद्राची क्षमता अपुरी आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र अजून प्रस्तावित असते. ठरलेल्या मुदतीत बांधकाम पूर्णत्वाचा दाखला घेऊन उत्पादन सुरू केले नाही, तर मुदतवाढीचे शुल्क भरावे लागते. नियम योग्यच आहे, कारण भूखंड अडवून ठेवणाऱ्यांची संख्या कमी नाही. पण वीज जोडणी वेळेत न मिळाल्याने रखडलेला वर्कशॉपवाला आणि दर वाढण्याची वाट पाहत कुंपण घालून बसलेला गुंतवणूकदार या दोघांना एकच नियम लागतो, आणि दुसऱ्याला तो शुल्क भरून सहज पचतो. हस्तांतरण शुल्क भरून भूखंड तिसऱ्याला देऊन टाकला, की जमीन साठवण्याचा नफा सरकारऐवजी त्याच्या खिशात जातो.

म्हणून भूखंड घेणाऱ्याने देकारपत्र (भूखंड देऊ केल्याचे महामंडळाचे पत्र) हाती आल्यावर आनंद आवरून काही गोष्टी पाहाव्यात. संयुक्त मोजणी झाली आहे का आणि तिचा नकाशा जागेशी जुळतो का. मोबदला खातेदारांना मिळाला की न्यायालयात जमा आहे. जलवाहिनी पडली असेल तर तिच्यात पाणी येते का. उपकेंद्र चालू आहे की निविदेच्या टप्प्यावर. शेजारच्या चालू कारखान्याच्या व्यवस्थापकाशी गप्पा मारल्या, तर या चार प्रश्नांपैकी तीन प्रश्नांची उत्तरे तेथेच मिळतात. प्रादेशिक कार्यालयातही मिळतात, फक्त लेखी मागावी लागतात.

राहिला प्रश्न जमीन देणाऱ्याचा. महाराष्ट्राला या बाबतीत परक्या उदाहरणांची गरज नाही. नवी मुंबईसाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पनवेल-उरण परिसरातील गावांची जमीन शहर वसवण्यासाठी घेतली गेली. राज्यातील मोठ्या भू-बँकांपैकी ती एक. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मृत्युमुखी पडले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढा वाढत गेला, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. नवी मुंबई विमानतळाच्या वेळी हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे वाटा देण्याचे सूत्र सरकारला ठाऊक आहे, ते राबवलेही आहे, आणि त्यामुळे प्रकल्प थांबले नाहीत. उलट ते मार्गी लागले. तरीही औद्योगिक क्षेत्रांसाठी जमीन घेताना वाट्याची गोष्ट बहुधा आंदोलनानंतर निघते, आणि मिळणारा विकसित भूखंड कोणत्या कोपऱ्यात, किती वर्षांनी मिळणार हे संमतिपत्रावर सही घेताना सांगितले जात नाही.

पोर्टलमध्ये एक सुधारणा तांत्रिकदृष्ट्या उद्यासुद्धा करता येईल. प्रत्येक औद्योगिक क्षेत्रापुढे ताबा कोणत्या वर्षी घेतला, त्यातील किती क्षेत्रावर आज उत्पादन चालू आहे, किती मोबदला अजून न्यायालयात पडून आहे आणि किती प्रकल्पग्रस्तांचा विकसित भूखंड देणे बाकी आहे, हे चार रकाने दाखवावेत. ही माहिती महामंडळांच्या आणि उपविभागीय अधिकाऱ्यांच्या दप्तरात आहे. गुंतवणूकदाराला जोखीम कळेल, कलम १०१ मधील पाच वर्षे कुठे उलटली हे गावाला कळेल, आणि शेजारी निम्मे क्षेत्र रिकामे असताना नव्या हजार एकरांची अधिसूचना काढणाऱ्याला तिचे कारण लिहून द्यावे लागेल.